कन्व्हर्टरचा रिपल अन् नॉइज कमी कसा करायचा: आधी ओळखा, मग कंडेन्सर टाका

यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागेत ठिबकचं ऑटोमेशन आता बऱ्यापैकी दिसायला लागलंय, सोलर पंप आले, त्यांचे ड्राइव्ह आले, मोबाइलवरून व्हॉल्व्ह उघडतात, आणि त्यासोबत एक नवी तक्रारही आली: पंप बंद असताना ओलाव्याचा सेन्सर बरोबर आकडा देतो, पंप चालू झाला की आकडा नाचायला लागतो. एका आबांनी तर सरळ अहिराणीत सांगितलं, "मोटर चालू व्हयनी का रेडिओ बोंबलस." यावर गावातला जो तो एकच औषध सांगतो, एक मोठा कंडेन्सर टाक. कधी लागू पडतं, बहुतेक वेळा पडत नाही, आणि मग अजून मोठा टाकतात.

माझं म्हणणं साधं आहे. "नॉइज" नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि चारही गोष्टींचा इलाज वेगळा आहे, त्यामुळे कोणती आहे ते आधी मोजून ठरवायचं, सोल्डरिंग गन नंतर गरम करायची.

पहिली म्हणजे १०० हर्ट्झचा रिपल, रिपल म्हणजे डीसीवर उरलेली वरखाली होणारी लाट. आपली लाइन ५० हर्ट्झ, ब्रिज रेक्टिफायरमधून गेली की १०० होते, ऑडिओत याचा घुंईं असा आवाज येतो. दुसरा स्विचिंग रिपल, कन्व्हर्टर (स्विच भराभर चालू-बंद करून एका व्होल्टेजचं दुसरं करणारं सर्किट) ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो त्याच फ्रिक्वेन्सीचा, स्कोपवर (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) त्रिकोणी लाट दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे स्पाइक आणि रिंगिंग, स्विच चालू किंवा बंद होतो त्या क्षणी उठणारे अणकुचीदार काटे, यांची फ्रिक्वेन्सी दहा-वीस मेगाहर्ट्झपासून शंभरच्या वरपर्यंत जाते. आणि चौथा, सगळ्यात वांड, कॉमन मोड नॉइज, जो प्लस-मायनसच्या मध्ये दिसतच नाही, दोन्ही वायरवर एकदम चढतो आणि अर्थिंगमधून नाहीतर हवेतून परत येतो. मोठा कंडेन्सर खरा उपयोगी पडतो तो पहिल्यावर. दुसऱ्यावर थोडाफार, तिसऱ्यावर जवळपास नाही, चौथ्यावर अजिबात नाही.

हात लावायच्या आधी

२३० व्होल्टवर चालणाऱ्या कुठल्याही एसएमपीएसच्या (स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय) आत रेक्टिफायरनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं, आणि आपल्याकडे रात्री लाइन २५० च्या वर गेली की ३५० पार. सप्लाय काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये ते टिकून राहतं. १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट मारायची सवय सोडा, आणि मीटरने बघितल्याशिवाय बोट लावू नका. सोलर ड्राइव्हमध्ये तर उन्हात पॅनल जोडलेले असतील तोवर डीसी बस (ड्राइव्हच्या आतली मुख्य डीसी लाइन) कधीच मेली असं धरायचं नाही, पॅनलचा डीसी आयसोलेटर पाडूनच काम करायचं.

दुसरं, स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप म्हणजे थेट अर्थिंग आहे. ती प्रायमरी साइडला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लाइनकडच्या बाजूला, लावली की धडाका. काही जण मग स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कापतात, हे तर करूच नका, अख्ख्या स्कोपच्या बॉडीवर ३२५ व्होल्ट येतं. प्रायमरी बघायचंच असेल तर डिफरन्शियल प्रोब, नसेल तर सेकंडरीवरच, म्हणजे आउटपुटच्या बाजूलाच, थांबा. खाली जे बहुतेक सांगतोय ते सेकंडरीला किंवा बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटला लागू आहे.

मोजायचं कसं

इथे जरा वेळ घालवतो कारण निम्म्या केसेस इथेच सुटतात. प्रोबला जी लांब काळी ग्राउंड वायर असते ती आणि प्रोबचं टोक मिळून एक लूप होतो, तो लूप अँटेना आहे, कन्व्हर्टरच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र त्यात घुसतं आणि स्क्रीनवर दोनशे-तीनशे मिलीव्होल्टचे काटे दिसतात जे आउटपुटवर नाहीतच. खात्री करायची असेल तर प्रोबचं टोक स्वतःच्याच ग्राउंड क्लिपला लावा, दोन्ही बोर्डच्या ग्राउंडच्या एकाच बिंदूवर टेकवा आणि बघा. शून्य दिसायला हवं. तरीपण काटे दिसतायत म्हणजे ते तुमच्या मापण्याच्या पद्धतीतले आहेत, सप्लायचा दोष नाही.

बरोबर पद्धत अशी: प्रोबची टोपी आणि काळी वायर दोन्ही काढा, टोकाजवळच्या धातूच्या रिंगवर छोटी स्प्रिंग लावा (प्रोबच्या पाकिटात येते, सगळे फेकून देतात), नसेल तर उघड्या तांब्याच्या तारेचे दोन-तीन वेढे मारून शेपूट बाहेर काढा, आणि टोक आउटपुट कंडेन्सरच्या प्लस पायावर, शेपूट मायनस पायावर, थेट. स्कोप एसी कपलिंगला, बँडविड्थ लिमिट २० मेगाहर्ट्झला, प्रोब शक्यतो १एक्सवर. मोजायच्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक लावायचा, कॉम्प्युटरच्या एटीएक्स सप्लायचा रिपल याच पद्धतीने मोजतात, आणि त्यात १२ व्होल्टला १२० मिलीव्होल्ट, ५ आणि ३.३ व्होल्टला ५० मिलीव्होल्ट पीक-टू-पीक अशी मर्यादा आहे. आपल्या कामाला हे आकडे पट्टी म्हणून चांगले आहेत. नंतर प्रोब १०एक्सवर घ्या (१एक्सवर प्रोब स्वतःच काटे गाळतो), २० मेगाहर्ट्झचं लिमिट काढून परत बघा, जो फरक दिसेल तो तिसऱ्या प्रकारातला, काट्यांचा.

लोडशिवाय मोजून काही उपयोग नाही. बरेच कन्व्हर्टर कमी लोडवर पल्स गाळत चालतात आणि तेव्हाचा रिपल वेगळाच असतो. खरा लोड नसेल तर गाडीचा बल्ब लावा.

स्कोप नसेल तर? १०० हर्ट्झवाला रिपल साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर कळतो, फक्त मध्ये १ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कंडेन्सर सिरीजमध्ये टाका म्हणजे डीसीमुळे मीटर फसत नाही. पण स्वस्त मीटर काहीशे हर्ट्झच्या पुढे आंधळाच, त्यावर १५० किलोहर्ट्झचा रिपल शोधू नका. वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे जुना मिडीयम वेव्हचा ट्रान्झिस्टर रेडिओ. मिडीयम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, आणि १५० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या कन्व्हर्टरचे गुणक ६००, ७५०, ९००, १०५० असे नेमके त्यातच पडतात. रेडिओ दोन स्टेशनच्या मधल्या रिकाम्या जागी लावा, बोर्डजवळ न्या, मग वायरीच्या कडेने फिरवत जा. जिथे खरखर वाढते तिथून नॉइज बाहेर पडतोय. बोर्डपाशी मोठा आणि दोन हातांवर गायब झाला तर गोष्ट बोर्डपुरती आहे, पण वायरीच्या कडेने दहा फूट गेलं तरी रेडिओ तसाच ओरडतोय तर कॉमन मोड धरून चाला.

१०० हर्ट्झ: इथे कंडेन्सर खुशाल मोठा करा

हे सोपं आहे. लोडचा करंट भागिले १०० भागिले कपॅसिटन्स, एवढाच अंदाज. १ अँपियर लोडला १००० मायक्रोफॅरड असेल तर रिपल येतो १० व्होल्ट, म्हणजे काहीच उपयोग नाही, ४७०० टाकला तर सुमारे २ व्होल्ट. प्रत्यक्षात थोडा कमी येतो कारण डायोड काही वेळ चालू असतो. पुढे ७८०५ सारखा रेग्युलेटर असला तर राहिलेला १०० हर्ट्झ तो मस्त गिळतो. पण तोच ७८०५ दीडशे किलोहर्ट्झवर जवळपास हतबल असतो हे लक्षात ठेवा, लोक एसएमपीएसच्या पुढे ७८०५ लावून "आता क्लीन झालं" म्हणतात आणि काटे जसेच्या तसे पलीकडे जातात.

आधी चांगला चाललेला सप्लाय अचानक घुंईं करायला लागला तर कंडेन्सर म्हातारा झालाय. त्याबद्दल शेवटी लिहितो, आपल्या उन्हाचा त्यात मोठा हात आहे.

स्विचिंग रिपल: मायक्रोफॅरड नाही, ईएसआर बघा

उदाहरण घेऊ ते एलएम२५९६ (व्होल्टेज उतरवणारी कन्व्हर्टर आयसी) च्या निळ्या मॉड्यूलचं, जळगावात गोलाणी मार्केटला मिळून जातं आणि शेतातल्या निम्म्या डब्यांत तेच सापडतं. १२ व्होल्टची बॅटरी, आउटपुट ५ व्होल्ट, फ्रिक्वेन्सी १५० किलोहर्ट्झ, कॉइल समजा ३३ मायक्रोहेन्री, आउटपुटला २२० मायक्रोफॅरड.

कॉइलमधला करंट किती वरखाली होतो? आउटपुट व्होल्टेज गुणिले एक वजा ड्यूटी, भागिले कॉइल गुणिले फ्रिक्वेन्सी. ड्यूटी म्हणजे स्विच एकूण वेळाच्या किती हिस्सा चालू असतो, इथे ५ भागिले १२ म्हणजे ०.४२ च्या आसपास. उत्तर येतं सुमारे ०.५९ अँपियर. आता हा करंट कंडेन्सरमध्ये जातो आणि दोन प्रकारे रिपल बनवतो. एक कपॅसिटन्समुळे: ०.५९ भागिले ८ गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स, म्हणजे सव्वादोन मिलीव्होल्ट. फक्त. दुसरा ईएसआरमुळे, म्हणजे कंडेन्सरच्या पोटातला रेझिस्टन्स, जो स्वस्त इलेक्ट्रोलायटिकला सहज ०.१ ते ०.२ ओहम असतो: ०.५९ गुणिले तेवढं, म्हणजे ६० ते १२० मिलीव्होल्ट.

बघा म्हणजे. सव्वादोन एकीकडे, शंभर दुसरीकडे. २२० चा काढून त्याच पेटीतला ४७० टाकला तर सव्वादोनाचा एक होईल आणि शंभराचं फारसं काही बिघडणार नाही, मोठ्या साइजमुळे ईएसआर थोडा उतरला तर तेवढाच फायदा. कंडेन्सर मोठा करूनही काही झालं नाही ही तक्रार इथून येते.

मग करायचं काय. लो-ईएसआर सिरीजचा कंडेन्सर घ्या, किंवा एकाऐवजी दोन-तीन पॅरलल लावा, ईएसआर तेवढ्या पटीने उतरतो. पॉलिमर कंडेन्सर अजून चांगला, वीस मिलीओहमच्या आसपासचा मिळतो, म्हणजे रिपल शंभरावरून बारा. पण थांबा, एलएम२५९६ जुन्या पठडीचा आहे, त्याच्या फीडबॅकला स्थिर राहायला आउटपुट कंडेन्सरमध्ये थोडा ईएसआर लागतोच, नुसते सिरॅमिक किंवा फारच कमी ईएसआरचे पॉलिमर थेट आउटपुटला ठोकले तर तो डोलायला लागू शकतो आणि रिपल कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. नवीन आयसी सिरॅमिकसाठीच बनवलेल्या असतात. डेटाशीटमध्ये आउटपुट कंडेन्सरचं पान असतं, तेवढं एक पान वाचा, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

अशा वेळी माझी पसंती पोस्ट फिल्टरला. मॉड्यूलच्या आउटपुटनंतर ४.७ मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल आणि पलीकडे १०० मायक्रोफॅरडचा बऱ्यापैकी कंडेन्सर. दीडशे किलोहर्ट्झला ही कॉइल साधारण साडेचार ओहम अडवते, आणि कंडेन्सरचा ईएसआर ०.१ धरला तरी रिपल चाळीसेक पटीने खाली येतो, शंभर मिलीव्होल्टचे दोन-तीन राहतात. कॉइलचा करंट रेटिंग लोडपेक्षा दीडपट तरी ठेवा, नाहीतर ती सॅच्युरेट होते आणि असून नसल्यासारखी. फीडबॅकची वायर फिल्टरच्या अलीकडूनच राहू द्या, पलीकडून घेतली तर परत डोलणं सुरू.

आणि फिल्टरला थोडा ईएसआर हा गुण आहे, दोष नाही. नुसती कॉइल आणि नुसता सिरॅमिक यांचा एलसी एका फ्रिक्वेन्सीला वाजतो. त्याला दाबायचं तर कॉइलला कंडेन्सरने भागा आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढा, वरच्या उदाहरणात ०.२२ ओहमच्या आसपास येतं, तेवढ्याच ईएसआरचा इलेक्ट्रोलायटिक असला की काम झालं. सिरॅमिक वापरला असेल तर त्याच्या शेजारी चौपट मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक लावून द्या.

सिरॅमिकची अजून एक लबाडी. त्यावर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची कपॅसिटन्स उतरते. १० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा बारीक एक्स५आर (सिरॅमिकचा एक प्रकार, अंगावर किंवा डेटाशीटवर लिहिलेला असतो) १२ व्होल्टवर लावला तर निम्म्याच्याही खाली जाऊ शकतो. म्हणून व्होल्टेज रेटिंग दुप्पट, साइज मोठी, आणि डबा उन्हात राहणार असेल तर एक्स७आर. वाय५व्ही घेऊच नका.

इनपुटला सगळे विसरतात

स्टेप-डाउन कन्व्हर्टरमध्ये आउटपुटचा करंट कॉइलमुळे तसा शांत असतो, खरी आदळआपट इनपुटला, तिथे करंट पूर्ण चालू-पूर्ण बंद असा तुकड्या-तुकड्याने ओढला जातो. २ अँपियर लोडला वरच्या ड्यूटीवर इनपुट कंडेन्सरमधून जवळपास १ अँपियर आरएमएस रिपल करंट वाहतो. बारीक इलेक्ट्रोलायटिकला तो झेपत नाही, तापतो, फुगतो. आणि बॅटरी वीस फुटांवर असेल तर त्या वायरीची स्वतःची इंडक्टन्स आहे, मीटरला साधारण अर्धा ते एक मायक्रोहेन्री, म्हणजे कन्व्हर्टरने झटका मागितला की बॅटरी लांब राहते आणि नॉइज सगळ्या वायरभर पसरतो, त्याच बॅटरीवरचा सेन्सर मग नाचणारच.

इलाज: आयसीच्या इनपुट पायाला आणि डायोडच्या ग्राउंडला चिकटून १ ते १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, शेजारी १०० ते २२० चा लो-ईएसआर इलेक्ट्रोलायटिक, आणि त्याच्या आधी छोटी कॉइल. नुसता सिरॅमिक ठेवू नका, कारण लांब वायरीने चालू बॅटरी झटकन जोडली की वायर आणि सिरॅमिक मिळून जवळजवळ दुप्पट व्होल्टेज उठवतात. २४ ची बॅटरी असेल तर क्षणभर ४८ च्या आसपास, आणि एलएम२५९६ चं इनपुट रेटिंग ४० व्होल्ट. "नवीन होतं, जोडताच गेलं" अशा बऱ्याच मॉड्यूलचा जीव असाच जातो.

इनपुट फिल्टर जास्त मोठा करूनही फसतं. कन्व्हर्टर कायम तेवढीच पॉवर ओढतो, व्होल्टेज उतरलं की करंट वाढवतो, म्हणजे फिल्टरला तो उलट्या रेझिस्टन्ससारखा दिसतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच हे मांडून ठेवलंय. १२ व्होल्ट १० वॅटला तो उलटा रेझिस्टन्स १४ ओहम होतो, फिल्टरचा इम्पिडन्स कुठल्याही फ्रिक्वेन्सीला याच्या बराच खाली राहायला पाहिजे, आणि परत तोच इलाज, इलेक्ट्रोलायटिकने दाबा.

काटे: आधी लूप लहान, मग स्नबर

स्वतः बोर्ड बनवत असाल तर एकच गोष्ट पाठ करा. इनपुट सिरॅमिक, स्विच, डायोड, परत सिरॅमिकचा ग्राउंड, हा जो गोल रस्ता आहे तो करंगळीच्या नखाएवढा करायचा. या रस्त्यात करंट काही नॅनोसेकंदात शून्यावरून पूर्ण होतो, त्यामुळे इथली प्रत्येक मिलिमीटर ट्रेस काटा वाढवते. स्विच आणि कॉइल जिथे जुळतात ते तांबं गरजेपुरतंच, ते मोठं ठेवलं की अँटेना झाली. खाली अखंड ग्राउंड. फीडबॅकची ट्रेस कॉइलच्या पोटाखालून नेऊ नका. कॉइल शक्यतो शील्डेड, उघड्या ड्रमसारखी नको. झिरो बोर्डवर (भोकांचा कोरा बोर्ड) वायरी ओढून कन्व्हर्टर बनवला असेल तर वरचं सगळं करूनही काटे राहतील, त्यावर वेळ घालवू नका, तयार मॉड्यूल घ्या आणि फिल्टर लावा.

बोर्ड तयारच आहे आणि बदलता येत नाही, तर स्नबर, म्हणजे रिंगिंग गिळणारी रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी, डायोडला पॅरलल. अंदाजाने १० ओहम आणि १ नॅनोफॅरड मारण्यापेक्षा पाच मिनिटं मोजा. स्विच नोडवर (स्विच आणि कॉइल जुळतात तिथे) रिंगिंगची फ्रिक्वेन्सी बघा, समजा ६० मेगाहर्ट्झ. आता डायोडला पॅरलल छोटे सिरॅमिक लावत जा, फ्रिक्वेन्सी बरोबर निम्मी, ३० होईपर्यंत. समजा ३३० पिकोफॅरडला निम्मी झाली, तर मूळचा लपलेला कपॅसिटन्स त्याच्या तिसरा हिस्सा, ११० पिकोफॅरड. त्यावरून लपलेली इंडक्टन्स निघते, इथे सुमारे ६४ नॅनोहेन्री, आणि दोघांच्या भागाकाराचं वर्गमूळ म्हणजे स्नबरचा रेझिस्टर, २४ ओहम. २२ किंवा २४ चा टाका, सिरीजमध्ये कंडेन्सर लपलेल्याच्या तीन-चार पट, ३३० किंवा ४७० पिकोफॅरड, आणि मघाचे टेस्टिंगचे सिरॅमिक काढून टाका. वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाही, तो स्वतःच कॉइल आहे.

किती तापेल ते पण काढा: कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी. ४७० पिको, १२ व्होल्ट, १५० किलोहर्ट्झला १० मिलीवॅट, नगण्य. पण हेच ४७० पिको लाइनवरच्या फ्लायबॅकच्या (ट्रान्सफॉर्मरवाला एसएमपीएस) मॉस्फेटला, म्हणजे त्याच्या स्विचला, लावले, ४०० व्होल्ट आणि ६५ किलोहर्ट्झ, तर जवळपास ५ वॅट, रेझिस्टर कोळसा होईल. तिथली गणितं वेगळी, इथलं तिथे चिकटवू नका.

राहिलेल्या काट्यांना फेराइट बीड, वाटेत लावायचा छोटा तुकडा जो फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीला अडवतो. डेटाशीटवरचा ओहमचा आकडा १०० मेगाहर्ट्झचा आणि शून्य करंटचा असतो, लोड करंट रेटिंगच्या जवळ गेला की बीड बऱ्यापैकी दुबळा होतो, म्हणून २ अँपियरसाठी ५-६ अँपियरचा घ्या.

कॉमन मोड, अर्थिंग, आणि आपली काळी जमीन

फ्लायबॅक अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये शंभरेक पिकोफॅरड सहज असतो. प्रायमरी १०० नॅनोसेकंदात ३०० व्होल्ट उडी मारते, म्हणजे त्या शंभर पिकोतून ३०० मिलीअँपियरचा झटका पलीकडे जातो, आणि तो प्लस-मायनस दोन्हीवर सारखाच. आउटपुटला कितीही कंडेन्सर लावा, त्याला फरक पडत नाही.

ओळखायची सोपी युक्ती: दोन्ही वायरी (किंवा सगळ्या वायरी) एकत्र धरून एका मोठ्या फेराइट रिंगमधून तीन वेढे घ्या. लोडचा करंट जातो-येतो म्हणून त्याचं चुंबकत्व एकमेकांत मिटतं, कॉमन मोडचं मिटत नाही. रेडिओची खरखर उतरली, सेन्सर शांत झाला, तर निदान झालं आणि अर्धा इलाजही झाला. वेढ्यांच्या वर्गाने परिणाम वाढतो, तीन वेढ्यांना नऊ पट, पण दहा-बारा वेढे घेऊन काही मिळत नाही, वेढ्यांतलाच कपॅसिटन्स आडवा येतो. आणि रिंग बघून घ्या: जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग लोखंडाच्या भुकटीची असते, ती या कामाची नाही. फेराइटचीच पाहिजे.

त्यानंतर वाय कंडेन्सर, म्हणजे लाइनपासून अर्थिंगला जाणारा. इथे वाय मार्किंगचाच लागतो, १ किलोव्होल्टचा साधा निळा सिरॅमिक त्याच्या जागी लावणं म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ, तो शॉर्ट झाला तर लाइन थेट बॉडीवर. लाइन-न्यूट्रलच्या मध्ये एक्स२, तोही लाइनचाच. वाय कंडेन्सर २.२ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्टला ०.१६ मिलीअँपियर गळती अर्थिंगमध्ये जाते, ४.७ चा असेल तर ०.३४. अर्थिंग चांगलं असेल तर कळतही नाही. नसेल तर डब्याच्या बॉडीवर साधारण अर्धी लाइन तरंगते आणि हाताला मुंग्या येतात. "करंट येतो" म्हणून ते वाय कंडेन्सर तोडून टाकणारे भेटतात, नॉइज वाढतो आणि मूळ दुखणं, म्हणजे अर्थिंग नसणं, तसंच.

आणि अर्थिंगचं आपल्याकडे अवघडच आहे. तापीकाठची काळी कसदार जमीन पावसाळ्यात छान ओली असते, एप्रिल-मेमध्ये हात-हात भेगा पडतात, रॉड आणि मातीत पोकळी होते. जुलैत चांगला असलेला खड्डा मेमध्ये नावालाच उरतो. ठिबकची एक नळी अर्थिंगच्या खड्ड्यावर सोडून द्या, पंप चालला की तोही ओला होतो.

सोलर पंपाच्या ड्राइव्हचं तर मुख्य दुखणं हेच. ड्राइव्ह साधारण २ ते १६ किलोहर्ट्झला स्विच करतो, पण त्याच्या कडा इतक्या तीव्र असतात की नॉइज मेगाहर्ट्झमध्ये जातो, आणि बोअरपर्यंतची शंभर-दीडशे मीटर केबल त्याला आयतीच मिळते. कॅरियर फ्रिक्वेन्सी (हीच स्विचिंगची फ्रिक्वेन्सी) सेटिंगमध्ये मिळाली तर खाली आणा, मोटर थोडी किणकिण करेल, करू द्या. मोटर केबल आणि सेन्सर केबल एकाच पाइपातून अजिबात नाही, फूटभर तरी लांब, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. मोटर केबल शील्डेड असेल तर शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा आणि पूर्ण गोल क्लॅम्पने, शेपटी वळून नाही. सेन्सरची शील्ड एकाच टोकाला, कंट्रोलरकडे. लांबचा सेन्सर ० ते ५ व्होल्टचा घेऊ नका, ४-२० मिलीअँपियरचा घ्या, वायर पीळ दिलेली. ड्राइव्हच्या आउटपुटला कंडेन्सर लावायचा विचारही नको, ड्राइव्ह जाईल, तिथे फक्त चोक किंवा त्याचा खास फिल्टर. लांब केबलवर मोटरच्या टोकाला लाट परतून डीसी बसच्या दुपटीपर्यंत व्होल्टेज उठतं, म्हणजे ५६० च्या बसला हजाराच्या वर, त्यामुळे चोकने नॉइजसोबत मोटरचं वाइंडिंगही वाचतं.

एक गोष्ट हार्डवेअरवाल्यांना आवडत नाही पण सांगतो. जमिनीचा ओलावा सेकंदासेकंदाला बदलत नाही. पंप सुरू करायच्या आधी रीडिंग घ्या, पंप चालू असताना घेऊच नका. यापेक्षा स्वस्त फिल्टर नाही. टाकीच्या लेव्हलला मात्र हे चालत नाही, तिथे वरची सगळी मेहनत आलीच.

ऊन

इलेक्ट्रोलायटिकवर लिहिलेलं "१०५ अंश २००० तास" म्हणजे १०५ अंशांवर दोन हजार तास, आणि दर १० अंश कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट. भुसावळ-जळगावला मेमध्ये सावलीत ४५, पत्र्याच्या शेडमधल्या बंद डब्यात त्याच्या कितीतरी वर, आणि कंडेन्सर हीटसिंकला चिकटलेला असेल तर ८५ काही लांब नाही. ८५ ला दोन हजाराचे आठ हजार तास होतात, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या डब्याला अकरा महिने. संपत आलेल्या कंडेन्सरची कपॅसिटन्स थोडी उतरते पण ईएसआर कितीतरी पट चढतो, म्हणून साध्या कपॅसिटन्स मीटरवर तो पास होतो आणि सर्किटमध्ये नापास. ईएसआर मीटर घ्या, किंवा सरळ १०५ अंश ५००० तासांचा नवीन टाका, हीटसिंकपासून लांब, डबा झाडाच्या किंवा पॅनलच्या सावलीत आणि उत्तरेकडे तोंड करून.

नवीन कंडेन्सर पण तपासूनच लावा, बाजारात जुन्याला नवीन कातडं घातलेले येतात. मोठ्या आकाराचा कंडेन्सर हातात अगदीच हलका लागला, किंवा ईएसआर मीटरवर तेवढ्याच मायक्रोफॅरड-व्होल्टच्या ओळखीच्या मालापेक्षा दुप्पट आकडा आला, तर परत द्या. बदलल्यावर पूर्ण लोडवर, दुपारी दोनच्या उन्हात, त्याच स्प्रिंगवाल्या प्रोबने परत मोजा आणि रिपलचा आकडा तारखेसकट डब्याच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात तो दीडपट झालेला दिसला की केळी सुकायची वाट न बघता कंडेन्सर काढा.